जहाज होते, पण मार्ग मिळेना! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची झुंज

परदेशी मार्गावर कोणत्या देशाच्या विमान कंपन्यांनी किती फेऱ्या करायच्या, हे दोन देशांतील करारावर ठरते. त्या मर्यादित वाट्यासाठी कंपन्यांत चढाओढ असते. शंभर वर्षांपूर्वी अशीच लढाई समुद्रावर झाली. ती लढणारे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला.

लढाई कशी सुरू झाली?

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले. मात्र, मार्गांवर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडे पाडून ‘सिंदिया’ची कोंडी केली.

तडजोडीची किंमत काय?

१९२३ च्या करारानुसार ‘सिंदिया’ला दहा वर्षे केवळ किनारपट्टीवरील मालवाहतूक करता येणार होती, जहाजांच्या एकूण टनभारावरही मर्यादा आली. कंपनी तगली, परदेशाचा मार्ग मात्र बंद झाला.

पुढे काय झाले?

वालचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना, तर १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखाना उभारण्यास सुरुवात केली. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ निघाली तो ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.