एडिसन यांची दहा वर्षे

थॉमस एडिसन हे नाव घेतले की आपल्याला विजेचा दिवा आठवतो, फार तर ग्रामोफोन. पण या माणसाची सर्वांत चिवट झुंज दिव्यासाठी नव्हती. ती होती वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटरीसाठी. दिव्याचे काम साधारण वर्षभरात मार्गी लागले, बॅटरीने मात्र त्यांची दहा वर्षे घेतली. त्या दहा वर्षांची ही गोष्ट आहे.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, मिलान या गावी झाला. शाळेत ते फार काळ रमले नाहीत. आईनेच त्यांना घरी शिकवले. बाराव्या वर्षी ते पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागले. ऐकू कमी येण्याचा त्रासही लहानपणीच सुरू झाला आणि तो जन्मभर राहिला. १८६२ साली एका स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला त्यांनी धावत्या डब्यापुढून ओढून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरांनी त्यांना तारयंत्र शिकवले. हातात विद्या आली आणि पोटापाण्याचा प्रश्न सुटला.

त्या काळची तारायंत्रे बॅटरीवर चालत, म्हणून बॅटरीशी त्यांची ओळख तरुणपणीच झाली. ही ओळख पहिल्यापासून गोड नव्हती. १८६७ च्या सुमारास लुइव्हिल शहरात रात्रपाळीवर असताना ते शिसे-आम्ल बॅटरीवर प्रयोग करीत होते. आम्ल सांडले, लाकडी जमिनीच्या फटींतून खाली गळले आणि खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, असे सांगतात.

पुढची वीस वर्षे जगाला माहीत आहेत. १८७७ मध्ये ग्रामोफोनचा पूर्वज असलेला फोनोग्राफ आला, १८७९ मध्ये टिकाऊ दिवा आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र. त्यानंतर मात्र मोठा फटका बसला. न्यू जर्सीच्या डोंगरात चुंबकाच्या साहाय्याने लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात त्यांनी कित्येक वर्षे आणि बराचसा पैसा घातला. तो उद्योग बुडाला. वयाची पन्नाशी उलटलेली, खिसा हलका झालेला. अशा वेळी, १८९९ च्या सुमारास, त्यांनी बॅटरी हाती घेतली.

कारण साधे होते. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश मोटारी विजेवर चालत. त्यांची अडचण एकच होती, ती म्हणजे बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरी जड असे. ती पूर्ण रिकामी करून तशीच ठेवली, तर प्लेटांवर कठीण थर धरून ती लवकर मरत असे. आजही हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाडी सुरू करणारी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देते, म्हणून तिच्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर दिवे, पंखे किंवा वायरलेस चालवणारी बॅटरी थोडा थोडा प्रवाह तासन् तास देते, खोलवर रिकामी होते आणि पुन्हा भरली जाते. या दुसऱ्या कामाला ‘डीप सायकल’ म्हणतात. एडिसन यांना हवी होती ती असे हजारो फेरे सोसणारी बॅटरी.

त्यांनी आम्लच बाजूला ठेवले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे क्षारीय द्रावण, एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला निकेल आणि बाहेर पोलादी डबा, अशी रचना ठरली. स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर हेही त्याच वेळी याच वाटेने जात होते. तेव्हा या शोधाचे श्रेय एकट्या एडिसन यांचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली. जाहिरात जोरात झाली, मागणीही चांगली होती. मग तक्रारी येऊ लागल्या. डबे गळत होते. काही बॅटऱ्यांची साठवण काही महिन्यांतच घटत होती. डागडुजी करून माल खपवत राहणे सोपे होते. एडिसन यांनी उत्पादन थांबवले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसले. कारखाना उभा, पैसा अडकलेला आणि नाव पणाला लागलेले, अशी ती वेळ होती.

दोष शोधायला वर्षे लागली. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेले होते आणि काही काळाने त्याची पकड सुटत असे. त्यांनी ग्रॅफाइटऐवजी निकेलचे अतिशय पातळ कपचे वापरले. तांबे आणि निकेल यांचे थर एकावर एक चढवायचे, मग तांबे विरघळवून टाकायचे, उरतात ते निकेलचे पापुद्रे. हे पापुद्रे आणि निकेलचे संयुग आलटून पालटून छिद्रे असलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरले. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले, तशी साठवण वाढली. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून त्यांची कसोटी घेत, असेही सांगतात. १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी बाजारात आली आणि ती खरोखर टिकली.

पण तोवर काळ पुढे गेला होता. १९०८ मध्ये एडिसन यांचे मित्र हेन्री फोर्ड यांची स्वस्त पेट्रोल मोटार आली. १९१२ पासून इंजिन हाताने फिरवण्याची कटकटही संपू लागली. ज्या मोटारीसाठी बॅटरी बनवली, तीच मोटार मागे पडली. तरी श्रम वाया गेले नाहीत. रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे, मालवाहू गाड्या आणि तारा न पोहोचलेली खेड्यांतली घरे यांना हीच बॅटरी हवी होती. तिचे उत्पादन १९७० च्या दशकापर्यंत चालू राहिले.

आता आपल्या गणवेशाशी जवळचा प्रसंग. १९१५ मध्ये अमेरिकी नौदलाने शास्त्रज्ञ व अभियंते यांचे सल्लागार मंडळ नेमले आणि त्याचे प्रमुखपद एडिसन यांना दिले. पाणबुडीत शिसे-आम्ल बॅटरीला समुद्राचे पाणी लागले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. एडिसन यांच्या बॅटरीत आम्ल नसल्याने हा धोका नव्हता. म्हणून ती ‘ई-२’ या पाणबुडीत बसवण्यात आली. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत त्या पाणबुडीत भीषण स्फोट झाला. काही जण ठार झाले, अनेक जखमी झाले. या बॅटरीतून हायड्रोजन वायू भरपूर सुटतो. तो बंद जागेत साचला आणि एका ठिणगीने पेटला. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवण्याचा, यावर बराच वाद झाला. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. एक धोका टाळताना दुसरा धोका मोजायचा राहून गेला होता.

एडिसन यांची थोरवी सांगताना हे पान गाळून चालणार नाही. बॅटरीच्या खोलीत खिडकी उघडी ठेवा, ज्योत नेऊ नका, हे नियम भिंतीवर उगीच लावलेले नसतात. त्यामागे कोणाचे तरी प्राण गेलेले असतात. नौदलासाठी कायमची संशोधन प्रयोगशाळा असावी, हा त्यांचा आग्रह मात्र फळाला आला आणि १९२३ मध्ये ती सुरू झाली.

आज आपल्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा शिसे-आम्ल बॅटरीच असते, तर अनेक सौर प्रकल्पांत लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. एडिसन यांना छळणारा प्रश्न मात्र तोच आहे. सूर्य मावळतो, वारा पडतो, तेव्हा वीज कोठून आणायची? उत्तर साठवणीत आहे आणि साठवण टिकते ती निगेवर. पाण्याची पातळी पाहणे, बॅटरी फार खोल उतरू न देणे, जोडणीच्या टोकांवरचा गंज पुसणे, ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पण ऐन वेळी वायरलेस बोलतो की मुका राहतो, हे त्यांच्यावरच ठरते.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे एडिसन यांचे निधन झाले. श्रद्धांजली म्हणून साऱ्या देशाचा वीजपुरवठा क्षणभर बंद ठेवावा, असा विचार पुढे आला होता. पण तो सोडून द्यावा लागला. तेवढ्या वेळातही लोकांच्या जिवाला धोका होता. शेवटी लोकांनी स्वेच्छेने आपापले दिवे मिनिटभर मालवले. ज्याने वीज घराघरांत नेली, त्याच्यासाठीही ती पूर्ण थांबवता आली नाही. अखंड वीज ही किती मोठी जबाबदारी आहे, हे त्या एका मिनिटाने दाखवून दिले.