मजुरांचे कैवारी नारायण मल्हार जोशी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतून पोटासाठीं मुंबईस गेलेल्या पुष्कळांनीं लोअर परळकडील ना. म. जोशी मार्ग पाहिला असेल. हे जोशी कोण होते, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. ते संस्थानिक नव्हते, धनिक नव्हते, आणि ज्या कायदेमंडळांत त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षें घालविलीं तेथें बहुमत त्यांच्या पाठीशीं क्वचितच असे. तरी हात तुटलेला मजूर, ओली बाळंतीण आणि कमावता मुलगा गमावलेले म्हातारे आईबाप यांच्यासाठीं या देशांत जे कायदे झाले, त्यांच्या इतिहासांत त्यांचें नांव वारंवार येतें. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजीं कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील गोरेगांवीं झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून ते १९०१ सालीं पदवीधर झाले व पुढें सुमारें आठ वर्षें त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. त्या काळीं पदवीधरास सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. परंतु १९०९ सालीं ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजांत शिरले. या समाजाच्या सभासदास स्वतःसाठीं पैसा मिळविणार नाहीं अशी शपथ घ्यावी लागे.

मुंबईस येऊन त्यांनीं गिरणगांव पाहिलें. एकेका खोलींत सारा संसार, दिवसभर साच्यापुढें उभें राहणें, आणि आजारपण आलें कीं सावकाराचें दार. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व तिच्यामार्फत मजूरवस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. प्रौढ मजूर दिव्याच्या उजेडांत पाटी घेऊन बसूं लागले. आमच्या खेड्यांतील ज्या बंधूंनीं रात्रीचे वर्ग चालविले आहेत, त्यांस हें काम किती चिकाटीचें असतें तें सांगावयास नको.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिला हिंदी मजुरांच्या वतीनें जोशी गेले. पुढल्या वर्षीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली, तींतही ते होते. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळांत मजुरांचे प्रतिनिधि म्हणून बसूं लागले. ते सरकारनियुक्त सभासद होते, आणि सरकारनें नेमलेला मनुष्य सरकारचीच री ओढणार, अशी शंका येणें साहजिक होतें. पण मजुराचा प्रश्न आला कीं ते सरकारविरुद्धही उभे राहत. मजुरांच्या संघांस कायद्याचें संरक्षण मिळावें असा ठराव त्यांनीं १९२१ सालींच आणला. तो कायदा १९२६ सालीं झाला.

आतां आमच्या जिल्ह्याकडे पाहूं. खामगांव, मलकापूर, नांदुरा, शेगांव या गांवीं कापसाचा हंगाम आला कीं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने सुरू होत आणि आसपासच्या खेड्यांतील बायामाणसें रोजानें कामास जात. यंत्रांत हात सांपडला, किंवा फिरत्या पट्ट्यांत लुगड्याचा पदर अडकला, तर पुढें काय? जुन्या कायद्यानें मालकाची चूक कोर्टांत शाबीत करावी लागे. निरक्षर विधवेनें तें कसें करावें? मालकानें दया येऊन हातावर कांहीं ठेवलें तर ठेवलें, एवढेंच.

१९२३ सालच्या मजुरांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें ही स्थिति पालटली. बिल सरकारचें होतें; सारें श्रेय एकट्या जोश्यांस देणें खरें होणार नाहीं; परंतु मजुरांची बाजू मांडावयास ते सभागृहांत होते. कामावर असतांना कामामुळें इजा झाली तर, मालकाची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी असें या कायद्यानें ठरविलें. प्रौढ मजूर मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकीं जी रक्कम कमी ती. ही रक्कम थोडीच होती. पण ती कोणास मिळावी याची यादी आम्हांस फार मोलाची वाटते. तींत पत्नी व अज्ञान मुलें तर होतींच, शिवाय मृताचे आईबाप होते, आणि आईबाप हयात नसतील तर वडिलांकडील आजाआजीही होतीं. म्हाताऱ्यांचा भार मुलावर असतो ही गोष्ट प्रत्येक घरीं ठाऊक असते. ती आतां कायद्याच्या पुस्तकांत लिहिली गेली.

आणखी एक शहाणपणाची गोष्ट होती. मृत्यूची भरपाई मालकानें वारसांच्या हातीं द्यावयाची नसे, कमिशनराकडे भरावयाची असे, आणि तिच्यावर सावकाराची जप्ती चालत नसे. हक्क सोडून दिल्याचा कागद अंगठा घेऊन करविला असला तरी तो रद्द. ज्यांनीं खेड्यांत एखाद्या विधवेचा अर्ज लिहून दिला असेल त्यांस या कलमांची किंमत कळेल.

१९२४ सालीं जोश्यांनीं स्वतःचें बिल आणलें, तें बाळंतपणाच्या रजेचें व भत्त्याचें. कारखाने, खाणी व चहाचे मळे या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांस बाळंतपणाच्या आधीं व नंतर विसांवा मिळावा आणि त्या दिवसांत पोटास कांहीं मिळावें, एवढीच त्यांची मागणी होती. पोटांत मूल असतां शेवटच्या दिवसापर्यंत राबणें व चूल थंड पडूं नये म्हणून लौकरच तान्हें घेऊन पुन्हां कामावर जाणें, हें आमच्या भगिनींस नवें नाहीं. अशा कायद्याची अद्याप वेळ आली नाहीं, असें सरकारचें म्हणणें पडलें, व १९२५ सालीं तें बिल नामंजूर झालें.

जोशी यामुळें गप्प बसले नाहींत, आणि बीजही वायां गेलें नाहीं. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलानें १९२९ सालीं व मध्यप्रांतानें १९३० सालीं तसे कायदे केले. मात्र हंगामी कामावरील बाया बहुधा अशा लाभाबाहेरच राहिल्या, आणि शेतावर रोजानें जाणारी बाई तर या सर्व कायद्यांच्या कुंपणाबाहेरच होती. आमच्या जिल्ह्यांतील बहुतेक गरीब कुटुंबें शेतमजुरीवर जगणारीं असल्यामुळें ही उणीव आम्हांस विशेष जाणवते.

१९२९ सालीं व्हिटलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं मजूर कमिशन नेमलें गेलें, त्याचे जोशी सभासद झाले. त्याच वर्षीं नागपुरास ट्रेड युनियन काँग्रेसमध्यें फूट पडली. जहाल पक्षास कमिशनावर बहिष्कार हवा होता. जोशी व त्यांचे सोबती बाहेर पडले. ते मवाळ होते हें खरेंच. मजुराला उद्यां मिळणाऱ्या राज्यापेक्षां आज मिळणारा आठ आण्यांचा भत्ता त्यांस जवळचा वाटे, आणि आमच्या मतें यांत त्यांची चूक नव्हती. दोन्ही पक्ष १९३८ सालीं नागपुरासच पुन्हां जवळ आले, आणि १९४० पासून १९४८ पर्यंत जोशी त्या एकत्र संस्थेचे मुख्य चिटणीस राहिले.

म्हातारपणीं मजुराच्या हातीं कांहीं उरावें म्हणून प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालीं झाला, तो त्यांनीं पाहिला. ३० मे १९५५ रोजीं ते निवर्तले.

त्यानंतर सहा वर्षांनीं, १९६१ सालीं, बाळंतपणाच्या लाभाचा सर्व देशाचा कायदा दिल्लीस मंजूर झाला. त्यानें बाळंतपणापूर्वीं सहा व नंतर सहा आठवडे पगारी रजा ठरविली, आणि तो मूळ ज्या ठिकाणीं लागू केला गेला त्यांत कारखाने, खाणी व मळे हींच तीन नांवें होतीं.