दुभंगलेले घर आणि देवाचा दरबार

रायपूरहून नागपूरकडे निघाले असता सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव लागते. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून या गावी निघाले होते. आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्यांशी त्यांची गाठ पडली आणि त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्या वाचनाची परिणती म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला त्यांचा बाप्तिस्मा. टिळकांची गीते आपण उपासनेत गातोच. परंतु त्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर कसे दुभंगले आणि पुढे कसे सांधले गेले, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे.

करजगाव येथे जन्मलेल्या या कोकणस्थ ब्राह्मणाचा स्वभाव उतावळा व तापट होता. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच त्यांनी हे पाऊल उचलले. ती बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूसह त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या काळात टिळकांनी त्यांच्याशी नाते तोडले नाही. पत्रे पाठवीत राहिले. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे व वेगळा स्वयंपाक टिळकांनी चालू राहू दिला. एरवी क्षणात संतापणाऱ्या या पुरुषाने येथे मात्र धीर धरला.

पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार सुरू झाला, की हे जातिभेद देवाने केले की माणसाने? उत्तर सापडल्यावर त्यांनी स्वतःहून शिवाशिव सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर परिसरातील मंडळीत बहुसंख्य बंधुभगिनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेल्या होत्या. त्यांच्या पंक्तीला बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पतीने दिलेले दुःख त्या विसरल्या नाहीत. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे. पण त्या लेखनात कडवटपणा नाही. नव्या करारात क्षमा करणे या अर्थी योजलेल्या एका ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ सोडून देणे असा आहे. घडलेले आठवत असताही त्याचे ऋण सोडून देता येते, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रावरून आपणांस कळते.

घरात शिकलेला हा धडा टिळकांनी मंडळीत नेला. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ताचे अनुयायी पंथांत, जातींत आणि परकीय रीतिभातींत विभागलेले पाहून त्यांचे मन व्यथित होई. मिशनच्या धोरणांवर त्यांनी स्पष्ट टीकाही केली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. परंतु ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांना देवाज्ञा झाली आणि ते कार्य अपुरे राहिले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. जिचे घर एकदा मोडले होते, तिनेच पतीच्या काव्याचा शेवट लिहिला!

२९ नोव्हेंबर १९७० रोजी त्याच नागपुरात सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्या मंडळीच्या छत्तीसगड धर्मप्रांताचे ठाणे रायपुरात आहे. घटनेने ऐक्य आले. पण कमिटीच्या निवडणुका, मालमत्तेचे वाद आणि जुने रुसवे यांमुळे एकाच उपासनामंदिरातले दोन कुटुंबप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत, असे दृश्य आपल्या परिचयाचे नाही काय? इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल ज्या आडभिंतीविषयी लिहितो, ती ख्रिस्ताने पाडली आहे. वाचकहो, तिचे दगड आपण पुन्हा रचीत तर नाही ना? प्रभुभोजनाला जाण्यापूर्वी ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी आधी जाऊन या. टिळक दांपत्याच्या स्मृतीस याहून उचित वंदन कोणते?