लिओ फेंडर

क्लॅरन्स लिओनायडस ऊर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट, इ.स. १९०९ – २१ मार्च, इ.स. १९९१) हे अमेरिकन संशोधक व वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारी आणि प्रिसिजन बेस ही त्यांची गाजलेली वाद्ये होत. पॅसिव्ह पिकअपच्या वाद्यांनी नाव मिळवलेल्या फेंडर यांनी उत्तरायुष्यात बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह रचनेचाही स्वीकार केला.

प्रारंभिक जीवन
फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमजवळ शेतकरी कुटुंबात झाला. बालपणी आजारामुळे त्यांचा एक डोळा काढावा लागला. पुढे ते हिशेबनीस झाले. मात्र महामंदीच्या काळात नोकरी गेल्याने इ.स. १९३८ मध्ये त्यांनी ६०० डॉलर कर्ज काढून फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यामुळे दुकानात येणाऱ्या वादकांच्या अडचणी हाच त्यांच्या संशोधनाचा आधार ठरला.

पॅसिव्ह पिकअप
इ.स. १९५१ चा प्रिसिजन बेस आणि इ.स. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यांत पॅसिव्ह पिकअप होते. अशा पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वाद्याची पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात विद्युतसंकेत निर्माण होतो. त्यासाठी बॅटरी लागत नाही. मात्र वाद्यावरील नियंत्रणांनी आवाज व तीव्र स्वर केवळ कमी करता येतात, तसेच लांब केबलमुळे तीव्र स्वर क्षीण होतात.

ॲक्टिव्ह रचना
प्रकृती ढासळल्याने फेंडर यांनी इ.स. १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. इ.स. १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. तिच्या इ.स. १९७६ च्या स्टिंगरे बेसमधील पिकअप पॅसिव्हच होता. परंतु त्यापुढे टॉम वॉकर यांनी रचलेला बॅटरीवरील प्रीॲम्प्लिफायर जोडलेला होता. त्यामुळे खर्ज व तीव्र स्वर वाद्यावरूनच वाढवता येऊ लागले आणि केबलमधील घटही कमी झाली. बॅटरी संपताच आवाज बंद पडणे, ही या सोयीची किंमत होती.

अखेरची वर्षे
जॉर्ज फुलर्टन यांच्यासह स्थापन केलेल्या जी अँड एल कंपनीच्या एल-२००० बेसवर फेंडर यांनी पॅसिव्ह व ॲक्टिव्ह यांपैकी एक प्रकार निवडण्याचे बटण दिले. अशा रीतीने निवड वादकावर सोपवली गेली. पार्किन्सनचा विकार जडूनही ते अखेरपर्यंत कार्यरत राहिले. इ.स. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.