पक्ष्याची ओळख : डॉ. सालिम अली

पक्षी दिसणे आणि तो ओळखता येणे यांतील अंतर सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या चरित्रातून आपल्या ध्यानी येईल. मुंबईत वाढलेल्या या मुलाने बालपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी तिची जात सांगितली व संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखविले.

हातातील पक्षी असा ताडून पाहता येतो. रानातला मात्र क्षणार्धात दिसेनासा होतो. पुढे कुमाऊँच्या तराईत सालिम अलींना दुर्मीळ ‘फिनची सुगरण’ पुन्हा आढळली. विणीचा हंगाम नसताना ती इतर सुगरणींत सहज मिसळून जाते. हिमालयातील पहाडी लावा मात्र शोधूनही त्यांना सापडला नाही. १८७६ नंतर त्याची निर्विवाद नोंद नाही. हे अपयश त्यांनी अपयश म्हणूनच स्वीकारले. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ लिहून त्यांनी पक्षी ओळखण्याची विद्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. न दिसलेल्या पक्ष्याचा दावा न करणे, हाही त्या विद्येचाच भाग होय, हे आपण लक्षात ठेवावे.