तड्याचा हिशोब मांडणारा माणूस : ॲलन ग्रिफिथ

या लेखाची सुरुवात आमच्या आबांच्या दाढेपासून होते. हसू नका!

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. आबांनी कापूस विकून आलेल्या पैशातून दाढेवर सिरॅमिकची पांढरी कॅप बसवून घेतली होती. दीड वर्ष ती मजेत चालली. हुरड्याच्या दिवसांत त्यांनी कणसं खाल्ली, शेंगदाणे खाल्ले, काही झालं नाही. आणि एका सकाळी दुधात कुस्करलेली मऊ भाकरी खाताना कॅपचे दोन तुकडे हातात आले. आबांचा तेव्हापासून एकच प्रश्न : कडक खाताना टिकली ती मऊ खाताना कशी फुटली? मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून मला उत्तर देता आलं नाही. वडील जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला, त्यांचं मत असं की लोखंड वाकून इशारा देतं, काच देत नाही, म्हणून काचेवर विश्वास ठेवूच नये. आबांनी तर दुसरी कॅप बसवायलाच नकार दिला. एका बाजूनेच जेवू लागले.

उत्तर शोधता शोधता मला भेटले ॲलन अर्नॉल्ड ग्रिफिथ. एस.ओ.एम.च्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि आपण ते व्हायवापुरतं पाठ करतो. पण माणूस मोठा गमतीचा होता.

जन्म १३ जून १८९३, लंडन. लिव्हरपूल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन १९१५ मध्ये ते फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागले. पहिलं महायुद्ध चालू होतं. विमानाच्या वेड्यावाकड्या आकाराच्या भागांना पीळ दिला तर ताण किती येतो, हे गणिताने काढणं फार किचकट. ग्रिफिथ आणि जी. आय. टेलर यांनी काय केलं? त्याच आकाराच्या भोकावर साबणाचा पातळ पडदा ताणला, फुगवला आणि त्याचा उतार मोजला. त्या उतारावरून ताण कळतो! हा निबंध १९१७ चा. सहकारी त्यांना साबणाच्या फुग्यांचा ग्रिफिथ म्हणत असत.

मग ते वळले काचेकडे. रेणूंमधल्या ओढीचा हिशोब केला तर काच जेवढी मजबूत निघायला हवी, त्याच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या ताणावर ती प्रत्यक्षात तुटते. असं का? ग्रिफिथनी काचेचे धागे ओढले आणि तोडून पाहिले. साधारण १ मिलिमीटर जाडीचा धागा सुमारे १७० मेगापास्कलला तुटला. पण सुमारे ३ मायक्रॉनच्या ताज्या धाग्याने जवळजवळ ३४०० मेगापास्कल सोसले! आपल्या जालन्यात बनणारी एफई ५०० ची सळई ५०० मेगापास्कलला सैल पडते, म्हणजे हा धागा तिच्या जवळपास सातपट. काच मुळात कमजोर नाहीच. तिला कमजोर करतात डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे. धागा जेवढा बारीक, तेवढी मोठ्या तड्याला जागा कमी.

यातला हिशोब कापडाच्या दुकानात समजतो. दुकानदार काठाला कात्रीची बारीक खाच देतो आणि मग टर्रकन कापड फाडतो. खाच नसेल तर दोघांनी ओढूनही फाटत नाही. ग्रिफिथनी हेच ऊर्जेच्या भाषेत मांडलं. तडा वाढला की नवा पृष्ठभाग तयार होतो, त्याला ऊर्जा खर्च होते, हा खर्च लांबीच्या प्रमाणात. त्याच वेळी आजूबाजूच्या ताणलेल्या भागातली ऊर्जा मोकळी होते, ही जमा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे एका ठरावीक लांबीनंतर जमा खर्चापेक्षा जास्त, आणि तडा आपोआप पळत सुटतो. तड्याची लांबी चौपट झाली की ताकद निम्मी. हा निबंध १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, १९२१ मध्ये छापून आला.

पुढे काय झालं असेल? फार काही नाही! असं सांगितलं जातं की एका सहकाऱ्याकडून काच वितळवायचा गॅस रात्रभर चालू राहिला, आग लागली आणि वरिष्ठांनी हा काचेचा नाद बंद करायला लावला. त्यांचं सूत्र बरीच वर्षं तसंच पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने जोडलेली पोलादी जहाजं थंडीत अचानक दुभंगू लागली. जानेवारी १९४३ मध्ये एक जहाज तर धक्क्याला उभं असतानाच मधोमध फाटलं. तेव्हा लोकांना तड्याचा हिशोब आठवला. जॉर्ज आयर्विन यांनी तो १९५० च्या दशकात धातूंसाठी वाढवला आणि फ्रॅक्चर मेकॅनिक्स हा विषय उभा राहिला.

ग्रिफिथ मात्र तोवर विमानांच्या इंजिनात रमले होते. १९२६ मध्ये त्यांनी दाखवलं की टर्बाइनची पाती विमानाच्या पंखाच्या आकाराची हवीत. पण त्यांची चूकही सांगायला हवी. १९२९ मध्ये फ्रँक व्हिटल नावाचा तरुण अधिकारी जेट इंजिनाची कल्पना घेऊन आला. ग्रिफिथनी त्याच्या आकडेमोडीतली चूक दाखवली आणि कल्पना व्यवहार्य नाही असा अभिप्राय दिला. व्हिटलची काही वर्षं त्यात गेली. १५ मे १९४१ रोजी त्याच्या इंजिनावर विमान उडालंच! दुसऱ्याच्या कामातला तडा दिसला म्हणून सगळं काम मोडीत काढू नये, हे एवढ्या मोठ्या तज्ज्ञालाही जमलं नाही. १९३९ पासून ते रोल्स-रॉईसमध्ये होते. सरळ वर उडणारा त्यांचा लोखंडी सांगाडा १९५४ मध्ये दोराशिवाय हवेत तरंगला. १३ ऑक्टोबर १९६३ रोजी ते गेले.

आता आबांची दाढ. सिरॅमिकच्या कॅपमध्ये, विशेषतः आतल्या बाजूला, बारीक तडे असतातच. चावताना कॅप किंचित वाकते आणि ताण नेमका आतून येतो. लाळेतलं पाणी तड्याच्या टोकाशी काचेचे बंध तोडतं. दर घासाला तडा कणभर पुढे. यालाच फटीग म्हणतात. हुरड्याने तडा वाढवला आणि भाकरीच्या वाट्याला फक्त शेवटचा घास आला!

म्हणूनच काचेच्या जातीची कॅप नुसती सिमेंटने बसवण्यापेक्षा चिकटवणं चांगलं. आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात, सिलेन लावतात आणि रेझिनने दाताला जखडतात. रेझिन खाचांत शिरतं, कॅप दाताच्या आधाराने कमी वाकते. दुसरा रस्ता झिर्कोनियाचा. त्यात तड्याच्या टोकाशी स्फटिक रूप बदलून फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी याची तुलना चक्क पोलादाशी केली होती. हे ऐकून आमचे वडील जरा खुश झाले.

मी कापडाचं उदाहरण देऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं की नवी तरी जन्मभर टिकेल का. मी खोटं बोललो नाही. तडे तिच्यातही असणार, फक्त त्यांची चाल मंद असेल. या उत्तरावर आबा तयार झाले. मागच्या महिन्यात कॅप बसली. आबा आता दोन्ही बाजूंनी जेवतात.