विश्लेषण : शिक्षक नेमका कुठे घडावा? जे. पी. नाईक यांच्यासमोरचा प्रश्न आजही का कायम आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शाळेत शिकवण्यासाठीची किमान पदवी व्हायची आहे. तोपर्यंत केवळ बी.एड. चालवणाऱ्या स्वतंत्र महाविद्यालयांनी बहुविद्याशाखीय व्हावे, असेही या धोरणात म्हटले आहे. हा विचार नवा नाही. साठ वर्षांपूर्वी कोठारी आयोगाने शिक्षक प्रशिक्षणाच्या एकाकीपणावर बोट ठेवले होते. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतले शिक्षणतज्ज्ञ जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक.

जे. पी. नाईक कोण होते?

नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. पुढे ५ सप्टेंबर हाच दिवस देशात शिक्षक दिन म्हणून साजरा होऊ लागला, हा केवळ योगायोग. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी नंतर घेतले आणि तेच कायम राहिले. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी त्यांनी ग्रामसुधारणेचे काम हाती घेतले. खेड्यातली शाळा आणि खेड्यातला शिक्षक यांच्याशी त्यांचा संबंध आला तो असा कामातून. पुढे कोल्हापूर संस्थानातही त्यांनी प्रशासकीय जबाबदारी सांभाळली. १९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासह लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. बी.एड. आणि एम.एड.च्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हा ग्रंथ अभ्यासला.

गारगोटी आणि मुंबईतले प्रयोग काय होते?

नाईक यांनी दोन टोकांच्या ठिकाणी संस्था उभ्या केल्या. एक खेड्यात, दुसरी महानगरात. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. शाळा, ग्रामीण उच्च शिक्षण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण एकाच परिसरात, आजूबाजूच्या गावांशी जोडलेले असावे, ही त्यामागची कल्पना. आचार्य जावडेकर यांच्या नावाचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय याच संकुलात आहे.

दुसरी संस्था म्हणजे १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय शिक्षण संस्था. शिक्षणशास्त्र हा पदव्युत्तर अभ्यासाचा आणि संशोधनाचा विषय आहे, तो केवळ पाठ कसा घ्यावा एवढ्यापुरता नाही, ही या संस्थेमागची भूमिका होती. १९७६ मध्ये ही संस्था पुण्यात आली. या दोन्ही कामांत एक समान धागा दिसतो : शिक्षकाच्या प्रशिक्षणाला एका बाजूने शाळेचा आणि दुसऱ्या बाजूने विद्यापीठीय ज्ञानाचा आधार हवा.

कोठारी आयोगाने शिक्षक प्रशिक्षणाबद्दल काय सांगितले?

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाने जून १९६६ मध्ये अहवाल सादर केला. तोवर नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार होते. आयोगाचे काम मार्गी लावणे आणि अहवाल आकाराला आणणे यांत सदस्य-सचिव म्हणून त्यांची भूमिका मध्यवर्ती होती.

शिक्षक प्रशिक्षण तीन बाजूंनी तुटलेले आहे, असे आयोगाचे निदान होते. ते विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहारापासून तुटलेले आहे, शाळेच्या रोजच्या अडचणींपासून तुटलेले आहे आणि प्राथमिक व माध्यमिक शिक्षक घडवणाऱ्या संस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. छात्राध्यापक पाठ टाचण काढतो, सराव शाळेत ठरावीक पाठ घेतो, परीक्षा देतो आणि पदवी मिळवतो. पण ज्या विषयाचे अध्यापन करायचे, त्या विषयात त्याची भर पडत नाही आणि शाळाही त्याला पुरती कळत नाही.

मग उपाय कोणते सुचवले?

शिक्षणशास्त्र हा विषय पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर ऐच्छिक म्हणून शिकवावा, निवडक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे स्वतंत्र विभाग उभारावेत, शक्य तेथे सामान्य शिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षण यांचे एकात्मिक अभ्यासक्रम सुरू करावेत, अशा शिफारशी आयोगाने केल्या. मात्र बहुसंख्य शिक्षक पदवीनंतरच प्रशिक्षणाकडे येणार, हे वास्तवही आयोगाने मान्य केले. त्यांच्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम ठेवून कामाचे दिवस २३० पर्यंत वाढवावेत, असे सुचवले. सेवेतील शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, ही शिफारसही महत्त्वाची होती. पदवी हा प्रशिक्षणाचा शेवट नसून सुरुवात आहे, असा त्याचा अर्थ.

मुख्याध्यापक आणि अधिकाऱ्यांचे काय?

शाळा चालवणे हेही शिकण्याचे काम आहे, हे आयोगाने ओळखले. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांचा शाळा समूह करावा, त्यांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अनुभव वाटून घ्यावेत, अशी कल्पना अहवालात आहे. तिथे माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक परिसराचा शैक्षणिक नेता ठरतो. महाराष्ट्रातील केंद्र शाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना या विचाराच्या जवळची आहे. २०२० च्या धोरणातही शाळा समूह पुन्हा आले आहेत.

शैक्षणिक प्रशासकांसाठी राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षण संस्था असावी, असेही आयोगाने सुचवले होते. दिल्लीत युनेस्कोच्या साहाय्याने १९६२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राचे १९७० मध्ये राष्ट्रीय स्टाफ कॉलेजात रूपांतर झाले. आज ती संस्था ‘निपा’ या नावाने अभिमत विद्यापीठ आहे आणि शालेय नेतृत्वासाठी तिथे स्वतंत्र केंद्र आहे.

शिफारशींचे पुढे काय झाले?

१९६८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. १९७३ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद स्थापन झाली, पण तिला वैधानिक अधिकार मिळायला १९९५ साल उजाडले. दरम्यान आणि त्यानंतरही विद्यापीठांत विभाग वाढण्याऐवजी स्वतंत्र डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. न्या. जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये या संस्थांच्या दर्जावर कठोर ताशेरे ओढले. अशा स्वतंत्र संस्थांची संख्या दहा हजारांहून अधिक असून बहुतेक ठिकाणी गांभीर्याने प्रशिक्षणच होत नाही, याची कबुली २०२० च्या धोरणातच आहे. म्हणजे आयोगाने ज्या एकाकीपणाला रोग मानले, त्याचाच पुढे विस्तार झाला.

नाईक यांचे स्वतःचे मूल्यमापन काय होते?

आयोगानंतर नाईक भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ भारतीय शिक्षणाला साधत नाही, ही मांडणी त्यांनी १९७५ च्या पुस्तकात केली. आयोगाच्या फलिताची त्यांनी केलेली चिकित्सा निधनानंतर पुस्तकरूपाने आली. ज्या शिफारशींमागे संघटित दबाव होता त्या पुढे सरकल्या, दर्जा सुधारण्याच्या शिफारशी मागे पडल्या, हे त्यांनी स्वतःच्याच कामाबद्दल परखडपणे नोंदवले. अखेरच्या काळात पत्नी, शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांच्यासह त्यांचे लक्ष शाळेबाहेरच्या मुलांकडे वळले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. पदवीधरांसाठी दोन वर्षांच्या बी.एड.ची वाट धोरणाने खुली ठेवली आहे. मात्र केवळ वर्षे वाढवून किंवा संस्थेची पाटी बदलून एकाकीपण जात नाही. विज्ञान, गणित, भाषा या विभागांचे प्राध्यापक भावी शिक्षकांना शिकवणार का, परिसरातील शाळा या अभ्यासक्रमात खरोखर सहभागी होणार का आणि नोकरीतल्या शिक्षकाला नियमित प्रशिक्षण मिळणार का, हे तीन प्रश्न उरतात. नव्या पदवीचे यश या तीन कसोट्यांवर ठरेल. आणि दबावगट नसलेल्या दर्जाच्या शिफारशी मागे पडतात, हा नाईक यांचा अनुभव पाहता, या कसोट्यांचा आग्रह पालकांना आणि समाजालाच धरावा लागेल.